शिपायाचा शिधा

शिधा हा शब्द आपल्या घरांतला आहे. दारीं आलेल्या अतिथीला, किंवा स्वतःच्या हातानें रांधून जेवणाऱ्या वाटसरूला आपण पीठ, तांदूळ, डाळ, मीठ, तूप असें जें कोरडें अन्न देतों, त्याला शिधा म्हणतात. फौजेंतहि हा शब्द फार जुना आहे. पलटणींतल्या शिपायाला रोज जें ठराविक अन्न मिळतें, तोहि शिधाच. या दोन्ही शिध्यांत एक गोष्ट सारखी आहे. शिधा रुपयांनीं मोजीत नाहींत, मापानें मोजतात. बाजारांत ज्वारी महाग झाली म्हणून अतिथीच्या पदरांतलें पीठ कमी होत नाहीं. जी झीज लागते ती देणाऱ्याला लागते.

शिपाई जोंपर्यंत गणवेशांत असतो, तोंपर्यंत त्याच्या पोटाची काळजी सरकार मापानें घेतें. तो घरीं परतला म्हणजे पुढें त्याला जें कांहीं मिळावयाचें, तें रुपयांत मिळतें. सुकाळांत हा फरक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. परंतु साथ आणि महागाई हीं दोन्ही एकदम आलीं म्हणजे तोच फरक माणसाच्या जिवाशीं येऊन भिडतो. मुंबई इलाख्यांत १९१८ आणि १९१९ या दोन सालीं नेमकें हेंच झालें, आणि त्या दोन वर्षांची हकीकत आज आपल्यापुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदी शिपायाला शांततेच्या काळांत फुकट शिधा मिळत नसे, हें ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. युद्ध सुरू झालें तेव्हां साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता, आणि त्यांतूनच त्यानें आपलें पोट भरावयाचें असे. पलटणीच्या बाजारांतून पीठ, डाळ, तूप, मसाला घ्यावा, स्वयंपाक करावा, आणि मागें राहतील ते रुपये मनीऑर्डरीनें गांवीं पाठवावे, असा क्रम होता. मोहिमेवर निघाल्यावर मात्र शिधा सरकारी. धान्याचे भाव ठराविक मर्यादेपलीकडे चढले, तर नोकरींतल्या शिपायाला महागाईबद्दल भरपाई देण्याचीहि तरतूद नियमांत होती. म्हणजे पगाराचा आंकडा कांहींहि असो, तो पोटाला पुरला पाहिजे, ही गोष्ट फौजेच्या हिशेबनिसांना चांगली ठाऊक होती. पुढें युद्ध लांबलें, भरतीला माणूस कमी पडूं लागला, आणि १९१७ च्या आरंभापासून सर्व हिंदी शिपायांना फुकट शिधा देण्याचें ठरलें. त्या निर्णयाला गरज जितकी कारण होती, तितकाच मेसापोटेमियांतला एक कटु अनुभवहि कारण असावा. तो अनुभव थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. कारण त्यांत महाराष्ट्राचीं माणसें होतीं आणि अन्नाविषयींचा एक मोठा धडा होता.

मेसापोटेमिया म्हणजे आजचा इराक. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालच्या सहाव्या डिव्हिजनमध्यें १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदाद घेण्याचा प्रयत्न फसल्यावर ही डिव्हिजन मागें हटत हटत टायग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल्-अमारा या गांवांत शिरली, आणि डिसेंबर १९१५ मध्यें तुर्की सैन्यानें तिला चहूं बाजूंनीं वेढलें. वेढा १४७ दिवस टिकला. तो फोडण्यासाठीं बाहेरून आलेल्या सैन्याचीं हजारों माणसें पडलीं. शेवटच्या दिवसांत विमानांतून पिठाचीं पोतीं टाकून पाहिलीं. वेढ्यांत सांपडलेल्या फौजेला आकाशांतून अन्न पुरवण्याचा हा अगदीं आरंभींचा प्रयत्न होय. 'जुलनार' नांवाची आगबोट २७० टन शिधा घेऊन २४ एप्रिलच्या रात्रीं अंधारांतून निघाली, परंतु वाटेंतच अडकून ती तुर्कांच्या हातीं पडली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शरण गेलें. शरण आलेल्यांची संख्या सुमारें १३,००० होती. त्यांपैकीं शिपाई व नोकरचाकर मिळून दहा हजारांच्या आसपास हिंदी होते.

वेढ्यांतल्या अन्नाची हकीकत डॉक्टरांनीं पुढें मोठ्या आस्थेनें अभ्यासिली. गोऱ्या शिपायांचें खाणें पांढऱ्या मैद्याची रोटी आणि घोड्याचें मांस यांवर आलें होतें. हिंदी शिपाई आटा, जव आणि डाळ यांवर होते. घोडे मारून खाण्याचा प्रसंग आला तेव्हां बहुतेक हिंदी शिपायांनीं तें मांस नाकारलें. टाउनशेंड यांनीं हिंदुस्थानांतून धर्माधिकाऱ्यांचे अभिप्राय मागविले. ते अनुकूल आले. तरीहि शिपायांच्या मनांतली भीति जाईना. आपण गांवीं परत गेल्यावर आपल्या पंक्तीला कोण बसेल, आपल्या मुलींशीं लग्न कोण करील, ही ती भीति होती. उपाशी माणसाला शास्त्राची आज्ञा मिळाली, तरी भावकीची मिळाली नव्हती. एप्रिल महिन्यांत पीठ अगदीं मूठभर उरलें, तेव्हां कोठें पुष्कळांनीं तें मांस तोंडांत घातलें.

या दोन प्रकारच्या जेवणांतून दोन प्रकारचे रोग उद्भवले. मैदा खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली. त्यांचे पाय सुजले, हृदय दुर्बळ झालें. मैदा संपून त्यांनाहि जवाचा भरडा खावा लागला, तेव्हां बेरीबेरी ओसरली, कारण धान्याच्या कोंड्यांत आणि अंकुरांत या रोगाला अटकाव करणारें सत्त्व असतें. उलट, आटा खाणाऱ्या हिंदी शिपायांना बेरीबेरी झाली नाहीं. परंतु ताजें मांस नाहीं आणि भाजीपाला नाहीं, म्हणून त्यांना स्कर्व्हीनें गांठलें. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, सांधे धरत, जुन्या जखमा उलत. हीच कहाणी कूतच्या बाहेरच्या फौजेंतहि घडली. १९१६ सालीं मेसापोटेमियांतून हजारों हिंदी शिपाई स्कर्व्हीमुळें निकामी होऊन परत पाठवावे लागले. शत्रूची गोळी न लागतां पलटणी रिकाम्या होत होत्या, आणि त्याचें कारण शिध्याच्या कोष्टकांत होतें. या मोहिमेंतल्या अनास्थेची चौकशी होऊन १९१७ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हां इंग्लंडांत इतकी खळबळ उडाली कीं भारतमंत्री चेंबर्लेन यांना राजीनामा द्यावा लागला.

स्कर्व्हीवर जुना उपाय म्हणजे लिंबाचा रस. परंतु त्या काळीं आरमाराला आणि फौजेला पुरविला जाणारा वेस्ट इंडीजमधला लहान लिंबांचा बाटलींतला रस गुणानें फारच उणा होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक नांवाच्या विदुषीनें आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९१७ सालीं चिक आणि ह्यूम यांनीं फौजेच्या शिध्याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, कोरड्या कडधान्यांत स्कर्व्हीवरचें सत्त्व नसतें, परंतु तींच कडधान्यें भिजवून त्यांना मोड आणले म्हणजे तें सत्त्व त्यांत उत्पन्न होतें. मात्र कडधान्य अखंड पाहिजे. फोडलेल्या डाळीला मोड येत नाहींत.

हें वाचून आपल्या घरांतल्या गृहिणींना हंसूं येईल. मटकी रात्रीं भिजत घालावी, सकाळीं फडक्यांत बांधून ठेवावी, आणि मोड आले कीं तिची उसळ करावी, हें त्यांना कोणत्याहि प्रयोगशाळेनें शिकविलेलें नाहीं. मराठा शिपायाच्या आईला तें ठाऊक होतें. परंतु फौजेच्या कोष्टकांत डाळ फोडलेली होती, आणि आईला कोष्टक करण्याचा अधिकार नव्हता. असो. पुढें मेसापोटेमियांत शिधा सुधारला, भाजीपाल्याचे मळे लाविले, मोड आलेल्या कडधान्यांचा उपयोग सुचविला गेला, आणि स्कर्व्ही आटोक्यांत आली. तात्पर्य असें कीं, १९१८ साल उजाडलें तेव्हां माणूस निरोगी राहण्यासाठीं त्याच्या ताटांत काय पडलें पाहिजे, याचें ज्ञान सरकारपाशीं पूर्वीं कधींहि नव्हतें इतकें होतें. तें ज्ञान शेंकडों शिपायांच्या देहांवर मिळविलें होतें.

आतां आपण मेसापोटेमियांतून मुंबईच्या गोदीवर येऊं. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईंत एक नवा ताप दिसूं लागला. आरंभींच्या रोग्यांत गोदीशीं संबंध असलेले पोलीस शिपाई होते. तीन-चार दिवस अंग मोडून येई, ताप चढे, आणि बहुतेक लोक बरे होत. ही इन्फ्ल्यूएंझाची पहिली लाट होती. युद्धामुळें गोदींत सैनिकांचीं आणि मालाचीं जहाजें सारखीं येत-जात होतीं, आणि आगगाडी रोग गांवोगांव नेत होती. सप्टेंबरमध्यें दुसरी लाट उठली, ती मात्र जीवघेणी होती. ताप फुप्फुसांत उतरे आणि धडधाकट माणूस चार दिवसांत जाई. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लाख माणसें दगावलीं. साऱ्या हिंदुस्थानांतल्या बळींचा अंदाज अभ्यासक एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत करतात. खेड्यांतून या साथीला मानमोडी म्हणत, आणि तिनें खरोखरच इलाख्याची मान मोडली. १९२१ च्या शिरगणतींत मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां घटलेली आढळली.

या साथीचा एक विशेष असा कीं, तिनें म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस वर्षांच्या कर्त्या माणसांवर अधिक झडप घातली. त्याच वर्षीं नैर्ऋत्येचा पाऊस फसला. दख्खनच्या कांहीं जिल्ह्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. जें थोडेंफार पीक उभें होतें, तें कापावयाला घरांत उभें माणूस नव्हतें. युद्धामुळें आगगाडीचे डबे आणि इंजिनें परदेशीं गेलेलीं, फौजेसाठीं धान्य बाहेर जात होतें, आणि धान्याचे भाव युद्धापूर्वींच्या मानानें जवळजवळ दुप्पट झाले होते. साथीला अन्नाची टंचाई मिळाली कीं तिचें बळ वाढतें. अशक्त माणूस रोगाला लवकर बळी पडतो, आणि रोगांतून उठलेला माणूस अन्नावांचून पुन्हां खालीं बसतो.

अशा या काळांत शिपाई घरीं येऊं लागले. त्यांचे तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग जुन्या पेन्शनरांचा. कोंकणांत दापोली, देशावर सातारा, अशा ठिकाणीं जुन्या शिपायांचीं घरें पिढ्यान्-पिढ्या होतीं. दापोलीच्या कॅम्पांत पेन्शनरांची वस्तीच होती, आणि तिच्यांत महार पेन्शनरांची संख्या मोठी होती. दुसरा वर्ग युद्धांत जखमी किंवा रोगी होऊन परत आलेल्यांचा. तिसरा वर्ग सर्वांत मोठा. युद्धापुरते भरती होऊन १९१९ पासून मोकळे झालेल्या तरुणांचा. या गर्दींत कूतचे कैदीहि होते. तुर्कस्तानाशीं ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं युद्धतहकुबी झाल्यावर, वाळवंटांतली पायपीट आणि आगगाडीच्या रस्त्यावरची सक्तीची मजुरी यांतून जे वांचले, ते हळूहळू मायदेशीं पोंचले. कूतमध्यें ज्यांनीं मूठभर पिठावर दिवस काढले, तेच लोक आतां दुष्काळांतल्या गांवीं उतरत होते. सातारा जिल्ह्यांतल्या अपशिंगे या गांवांतून गेलेल्यांपैकीं ४६ जण त्या युद्धांत पडले असें सांगतात. जे परत आले, त्यांच्या गांवचें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास फारशी कल्पनाशक्ति लागत नाहीं.

या माणसांच्या हातांत काय होतें? सरकारनें त्यांना अगदींच वाऱ्यावर सोडलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. युद्धाच्या आरंभीं, १९१४ सालीं, इंपीरियल इंडियन रिलीफ फंड उघडला गेला होता आणि त्यांतून शिपायांच्या कुटुंबांना साहाय्य मिळे. मुंबईंत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं अपंग शिपायांसाठीं क्वीन मेरी उद्योगशाळा निघाली. ती पुढें खडकीस गेली आणि आजहि आहे. निवडक लोकांना जंगी इनामें मिळालीं. जखमी झालेल्यांना आणि मृतांच्या विधवांना पेन्शनें होतीं. परंतु नुसत्या नोकरीबद्दल पेन्शन मिळावयास दीर्घ काळ नोकरी व्हावी लागे, आणि युद्धापुरत्या भरती झालेल्या तरुणांना तें मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या हातीं एकरकमी बक्षीस पडलें आणि खातें मिटलें. फौजेंतला शिधा ज्या दिवशीं नांव कमी झालें त्या दिवशीं थांबला. हातांत राहिले ते रुपये, आणि रुपयाची किंमत तर निम्मी झालेली.

येथें एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो, आणि माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म त्यांत आहे. त्याच सरकारपाशीं दुष्काळासंबंधीं एक कायदेसंहिता होती. तिला फॅमिन कोड म्हणत. एकोणिसाव्या शतकांतल्या भयंकर दुष्काळांनंतर ती तयार झाली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला किती मजुरी द्यावी, हें या संहितेंत धान्याच्या भावावर बसविलेलें होतें. ज्वारी महाग झाली कीं मजुरीचे पैसे वाढावेत, स्वस्त झाली कीं कमी व्हावेत, परंतु त्या पैशांत मिळणारें धान्य मात्र कायम राहावें, असा तिचा हेतु होता. तें धान्य कमींत कमी असे, आणि त्याबद्दल लोकांनीं त्या काळींहि पुष्कळ टीका केली; पण तत्त्व बरोबर होतें. नोकरींतल्या शिपायालाहि शिधा मापानें मिळत होता. म्हणजे सरकारला अन्नाच्या मापानें माणसाचा हिशेब करतां येत नव्हता, असें मुळींच नाहीं. खंदकांतल्या शिपायासाठीं तो केला होता आणि खडी फोडणाऱ्या मजुरासाठींहि केला होता. या दोहोंच्या मधला जो माणूस, खंदकांतून आलेला आणि अद्याप खडीपर्यंत न पोंचलेला, त्याच्यासाठीं मात्र तो केला नाहीं. त्याच्या पेन्शनच्या कागदावर रुपयांचा आंकडा होता. एखादी तात्पुरती भर पडली तरी तो आंकडा भावाबरोबर आपोआप हालत नव्हता.

मग त्या माणसानें काय करावें? त्यानें दुष्काळी कामावर जावें, असें उत्तर कोणी देईल, आणि पुष्कळांना तसें करावेंहि लागलें असेल. परंतु इन्फ्ल्यूएंझांतून उठलेल्या किंवा मेसापोटेमियाच्या तापानें खंगलेल्या माणसाला खडी फोडवत नाहीं. अशक्तांसाठीं संहितेंत धर्मादाय मदतीची सोय होती. पण त्यासाठीं गांवकामगारांनीं त्याचें नांव निराधारांच्या यादींत घालावें लागे. ज्यानें कालपर्यंत पलटणीचा बिल्ला लाविला, आणि जो गांवांत हवालदार म्हणून ओळखला जातो, त्यानें चावडीवर जाऊन आपण भिकारी आहों असें लिहून घ्यावें, ही गोष्ट सोपी नाहीं. कूतमध्यें ज्या भावकीच्या भयानें त्यानें घोड्याचें मांस नाकारलें, तीच भावकी येथें चावडीसमोर उभी होती.

महार शिपायाची स्थिति याहूनहि बिकट होती. १८९० नंतरच्या वर्षांत फौजेनें महारांची भरती बंद केली होती. ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं अर्ज-विनंत्या केल्या. युद्धाची निकड लागली तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारण्यांत आली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनहि टाकण्यांत आली. ज्यांच्या पदरीं जमीन थोडी किंवा मुळींच नाहीं, गांवच्या विहिरीवर ज्यांना पाणीहि मोकळेपणीं मिळत नाहीं, त्यांना फौजेंतला मापाचा शिधा म्हणजे काय होतें, आणि तो थांबणें म्हणजे काय होतें, याचा विचार आपण शहरांतल्या लोकांनीं अवश्य करावा.

मुंबई शहरांत या काळांत जी मदत झाली, ती बहुतांशीं लोकांनींच उभी केली. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक आणि निरनिराळ्या समाजांच्या संस्था चाळींचाळींतून फिरल्या आणि त्यांनीं घरोघर मदत पोंचविली. शहरांत स्वस्त धान्याचीं दुकानें निघालीं. या दुकानांनीं पुष्कळांचे प्राण वांचविले असतील, कारण तेथें शेवटीं माप महत्त्वाचें होतें. तथापि खेड्यांत असें कांहीं थोडकेंच होतें. आणि शिपाई मुख्यतः खेड्यांतला होता.

सरकारच्या बाजूनें दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या ऐकल्या पाहिजेत. एक अशी कीं, धान्यच नव्हतें तर द्यावयाचें कोठून? हें कांहीं अंशीं खरें आहे. ब्रह्मदेशांतून तांदूळ आणावा लागला, ऑस्ट्रेलियांतून गहूं मागवावा लागला. परंतु त्याच टंचाईंत फौजेचा शिधा चालू होता. तो तुटला असता तर पुन्हां चौकशी बसली असती. दुसरी गोष्ट अशी कीं, रोख रुपये दिले म्हणजे माणूस आपल्या इच्छेप्रमाणें ते खर्च करूं शकतो. धान्य देणें म्हणजे त्याला मुलासारखें वागविणें होय. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण रुपये देण्याला कोणाचीच हरकत नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, त्या रुपयांत उद्यांहि आजइतकीच ज्वारी येईल, याची जबाबदारी कोणाची? शिध्यांत ती जबाबदारी देणाऱ्याची असते. ठराविक पेन्शनमध्यें ती घेणाऱ्याच्या माथीं येते. आणि साथीच्या वर्षीं ती पेलण्याला तोच सर्वांत असमर्थ असतो.

या अनुभवाचें पुढें कांहीं फळ आलें का? आलें, पण सावकाश. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळांत हिंदी शिपायांच्या हितासाठीं सरकारनें एक मध्यवर्ती मंडळ नेमलें. आजचें केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यांतलीं सैनिक कल्याण कार्यालयें हीं त्याच परंपरेंतलीं आहेत. ज्यांना पेन्शन नाहीं अशा वृद्ध व निर्धन माजी सैनिकांना त्या बोर्डाकडून साहाय्य देण्याची योजना आहे. १९१९ सालीं मोकळ्या झालेल्या शिपायाच्या वांट्याला अशी सोय आली नव्हती. स्वतंत्र भारतांत पेन्शनला महागाई-साहाय्य जोडलें गेलें. भाव चढले कीं तें वाढतें. फॅमिन कोडनें खडी फोडणाऱ्याला जें तत्त्व लावलें होतें, तें अखेर शिपायापर्यंत पोंचलें.

पण इतिहासाला आपले प्रश्न पुन्हां विचारण्याची खोड असते. १९१८ नंतर शंभराहून थोड्या अधिक वर्षांनीं, १९२० सालीं नव्हे तर २०२० सालीं, पुन्हां श्वासाची साथ आली. त्या साथींत भारत सरकारनें एप्रिल २०२० पासून रेशनकार्ड असलेल्या सुमारें ऐंशी कोटि लोकांना दर माणशीं महिना पांच किलो धान्य फुकट दिलें. ही गोष्ट १९१८ च्या मानानें फार मोठी होय. माप हातांत पडलें, आंकडा नव्हे. परंतु त्याच एप्रिल महिन्यांत केंद्र सरकारनें तिजोरीवरील ताणाचें कारण देऊन आपल्या नोकरांचा महागाई-भत्ता आणि पेन्शनरांचें महागाई-साहाय्य यांचे तीन हप्ते रोखून धरले. त्या पेन्शनरांत माजी सैनिकहि होते. जुलै २०२१ पासून वाढ पुन्हां चालू झाली, पण मधल्या काळाची थकबाकी मिळाली नाहीं. निर्णयाचें समर्थन करणारे त्या वेळीं पुष्कळ होते, आणि १९१८ सालीं कोणीहि न पाहिलेल्या इतक्या सोयी आज आहेत, हेंहि खरें. तरीहि ज्या कारणासाठीं महागाई-साहाय्य निर्माण केलें, तें कारण ज्या वर्षीं दारांत येऊन उभें राहिलें, त्याच वर्षीं तें थांबविलें गेलें, ही नोंद इतिहासाला करावीच लागेल.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या कुळांत कोणी ना कोणी पलटणींत असेल. एखाद्या जुन्या पेटींत त्याचें पदक सांपडेल, एखादा पेन्शनचा पिंवळा कागद सांपडेल. तो कागद हातीं आला तर त्यावरचा आंकडा जरूर पाहावा, आणि त्या वर्षीं तितक्या रुपयांत किती पायल्या ज्वारी येत होती, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून किंवा जुन्या हिशेबाच्या वह्यांतून शोधून काढावें. आपल्या घराण्यांतल्या त्या शिपायाला देशानें काय दिलें, याचें खरें उत्तर त्या पायल्यांत मिळेल. आणि यापुढें सैनिकाला जें कांहीं द्यावयाचें आपण ठरवूं, तें रुपयांत लिहिलें तरी पायलीनें मोजून पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.